चॅपेलच्या कपाटातलं : ऱ्हॉन्दा खोऱ्यातल्या प्रकल्प नोंदी

13 जानेवारी 2024, शनिवार

पहिला दिवस. पाऊस, म्हणजे नेहमीचंच. किल्ली सेक्रेटरीबाईंच्या पर्समध्ये, टॉर्च माझ्याकडे आणि दार पावसानं फुगून बसलेलं. ऑर्गनवाल्यांनी खांदा लावला तेव्हा कुठे उघडलं.

काम असं: दक्षिण वेल्सच्या ऱ्हॉन्दा खोऱ्यातलं हे चॅपेल विकायला काढलंय. शेवटची उपासना दोन वर्षांपूर्वी झाली, तेव्हा नऊ माणसं होती. गिऱ्हाईक पक्कं व्हायच्या आत इमारतीची मापं, फोटो, आतल्या वस्तूंची यादी आणि कागदांची छाननी आम्हा चौघांना उरकायची आहे. कागद शेवटी कार्डिफच्या ग्लामॉर्गन अभिलेखागारात जातील. मी पुण्यात अकरा वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग केलं, म्हणून मापं माझ्या गळ्यात पडली.

व्यवहार चालू असल्यामुळे चॅपेलचं नाव लिहीत नाही. माणसांचीही नाही. तसंही या खोऱ्यात नावांनी काही भागत नाही. जिकडेतिकडे जोन्स, डेव्हिस, एव्हान्स, विल्यम्स, थॉमस. म्हणून पूर्वीपासून नावाला धंदा चिकटवायची पद्धत: ‘एव्हान्स द मिल्क’, ‘जोन्स द पोस्ट’. त्याच चालीवर माझ्या वहीत सेक्रेटरीबाई, ऑर्गनवाले आणि फोटोवाला.

‘ऱ्हॉन्दा’ मात्र मला पहिल्या दिवसापासून नीट म्हणता आलं. इंग्रज लोक ‘रॉन्डा’ म्हणून मोकळे होतात. वेल्श माणूस सुरुवातीच्या र-मध्ये श्वास मिसळतो आणि दोन डी एकत्र आले की आपल्या द-च्या जवळ जातो. लहानपणापासून ‘ऱ्हास’ म्हणणाऱ्या माणसाला यात काय कठीण आहे! (हाच शब्द का आठवला, ते आत शिरल्यावर कळलं. छताचं प्लास्टर दोन बाकांवर आलेलं.)

20 जानेवारी

मापं. सभागृह आतून 16.4 गुणिले 12.9 मीटर. तीन बाजूंनी सज्जा, बिडाच्या खांबांवर. लाकूड सगळं पिच-पाइन, वॉर्निश अजून मधासारखं चमकतंय. सज्जाच्या डाव्या कोपऱ्यात कोरडी बुरशी लागली आहे, तिकडे कुणी पाय टाकायचा नाही. मी टाकला. फळी गेली, गुडघा वाचला.

क्रूस नाही, मूर्ती नाही, चित्र नाही. जिथे वेदी असेल असं आपल्याला वाटतं तिथे उंच व्यासपीठ, प्रवचनाचं. त्याच्या पुढ्यात अर्धगोल कठड्याच्या आत ‘सेट वाउर’ म्हणजे मोठं आसन. तिथे डीकन, म्हणजे मंडळीनं निवडलेले पुढारी, बसायचे, लोकांकडे तोंड करून. सहा दिवस ज्यांच्याबरोबर कोळसा फोडायचा, त्यांच्याच नजरेखाली सातव्या दिवशी बसायचं. उशिरा आलेला माणूस लपणार कुठे?

दर्शनी भिंत घडीव दगडाची, कमानींची, मोठ्या रुबाबाची. बाजूच्या भिंती मात्र ओबडधोबड दगडाच्या, वर गिलावा. पैसा होता तेवढा रस्त्याकडे तोंड करून लावलाय. वर पाटी: बांधले 1868, पुन्हा बांधले 1889. वीस वर्षांत आधीचं पाडून मोठं का बांधावं लागलं, ते खानेसुमारीच्या आकड्यांत सापडतं. 1851 मध्ये या जुळ्या खोऱ्यांत हजार माणसंही नव्हती. मेंढ्या आणि ओढे. 1855 मध्ये वरच्या टोकाला, ट्रेहर्बर्टला, जहाजांच्या बॉयलरला लागणारा उत्तम कोळसा निघू लागला आणि 1911 मध्ये वस्ती दीड लाखाच्या वर गेली. नगरपालिका, शाळा, दवाखाना यायच्या आधी लोक येऊन राहिले. आल्याआल्या त्यांनी कर्ज काढून चॅपेल बांधली.

27 जानेवारी

पाऊस आत आल्यामुळे काम बंद. वेस्ट्रीत, म्हणजे चॅपेलला जोडलेल्या बैठकीच्या खोलीत, हीटर लावून गप्पा.

फोटोवाला पोरसवदा आहे, कार्डिफचा. त्यानं विचारलं, चर्च आणि चॅपेल यांत फरक काय? सेक्रेटरीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं लेन्स पुसायला घेतली. इथली जुनी माणसं नव्या माणसाला हेच विचारायची, चर्च की चॅपेल? चर्च म्हणजे इंग्लंडच्या राजसत्तेचं, अँग्लिकन. चॅपेल म्हणजे ते न मानणाऱ्यांचं: स्वतंत्र मंडळीवाले, बॅप्टिस्ट, कॅल्विनी मेथडिस्ट, वेस्लीवाले. गंमत अशी की बहुसंख्य लोक चॅपेलचे आणि अधिकृत धर्म चर्चचा. अधिकृतपणा काढून घेणारा कायदा 1914 मध्ये झाला, महायुद्धामुळे तुंबला आणि 1920 च्या मार्चअखेर लागू झाला. सेक्रेटरीबाई हे काल घडल्यासारखं सांगतात.

चॅपेलवाल्यांचा वट किती? 1881 मध्ये फक्त वेल्सपुरता कायदा झाला आणि रविवारी दारूचे गुत्ते बंद. 1961 पर्यंत इथं तो टिकला. खासगी क्लबांना मात्र सूट होती. “मग क्लब वाढले,” ऑर्गनवाले म्हणाले, अगदी कोऱ्या चेहऱ्यानं.

आणखी एक लिहून ठेवते. डेव्हिड डेव्हिस हा इथला बडा खाणमालक, बॅरी बंदरामागचा माणूस, कट्टर कॅल्विनी मेथडिस्ट. खाणकामगारांचा पुढारी विल्यम अब्राहम, ‘मेबन’ या नावानं ओळखला जाणारा, 1885 पासून ऱ्हॉन्दाचा खासदार, तोही त्याच पंथाचा. सभेत आरडाओरड सुरू झाली की मेबन भजन सुरू करायचा आणि सगळे त्याच्यामागून गायला लागायचे. मालक आणि पुढारी एकाच पुस्तकातली भजनं म्हणतात तेव्हा संप लांबतो की मिटतो? यावर आमच्यात एकमत झालं नाही. तरुण कामगारांचं 1910 पर्यंत झालं होतं. त्या नोव्हेंबरात टोनीपँडीत दंगल उसळली तेव्हा भजन चालण्यासारखं नव्हतं.

3 फेब्रुवारी

आज काम असं नाही, पण दिवस सार्थकी लागला. वेस्ट्रीमागच्या स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. 186 कप, 203 बशा. पांढरी जाड क्रोकरी, काठाला निळी रेघ आणि प्रत्येकावर, अगदी प्रत्येकावर, चॅपेलचं नाव छापलेलं.

मी जमिनीवर बसले ती बसलेच. आमच्या घरी पितळी पातेल्यावर आजीचं नाव ठोक्याठोक्यानं कोरलेलं होतं, लग्नाची तारीखसुद्धा. का, तर कार्यात भांडी एकमेकांकडे जातात आणि परत येताना आपलं ते आपल्याकडे यावं. सेक्रेटरीबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, अगदी हेच! शेजारच्या चॅपेलच्या चहाला इथले कप जायचे. परत आले की मोजायचे. त्यांनी कपाटाच्या तळातून एक कप काढला, हिरव्या रेघेचा. वरच्या गल्लीतल्या बॅप्टिस्टांचा. “हा पन्नास वर्षं झाली परत करायचा राहिलाय.” ते चॅपेल आता कार्पेटचं दुकान आहे.

चहा म्हणजे नुसता चहा नव्हे. व्हिटसनला, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या सुमाराला, रविवार-शाळेची मिरवणूक निघायची. रेशमी पताका, मुलींना नवे पांढरे फ्रॉक, गावातली सगळी चॅपेल एकामागून एक. परत आल्यावर वेस्ट्रीत लांब टेबलं. एकेक टेबल एकेका बाईनं ‘घ्यायचं’: टेबलक्लॉथ तिचा, केक तिचा, फुलं तिची आणि इभ्रतही तिचीच. मोठ्या आसनावर सगळे पुरुष. पण कुणाच्या टेबलावर पाव जाड कापलेला होता याची चर्चा पुढच्या व्हिटसनपर्यंत चालायची, आणि त्या चर्चेत डीकनला मत नसे.

यादीत लिहिलं: ‘कप, 186, चांगले.’ फार कमी वाटलं. खाली कंसात ‘परक्याचा 1’ असं घातलं.

10 फेब्रुवारी

वार्षिक अहवाल. पातळ पुस्तिका, वेल्शमध्ये, एका बुटाच्या खोक्यात. 1894 पासून, मधले काही गहाळ.

आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळाचा अहवाल ज्यानं पाहिलाय त्याला हे वाचायला भाषा लागत नाही. गल्लीवार नावं, घर नंबर, पुढे महिन्याची वर्गणी, शेवटी बेरीज. कुणी किती दिलं ते छापील, सगळ्यांच्या घरी जाणार. मागच्या पानांवर जमाखर्च: कोळसा, गॅस, पाहुण्या प्रवचनकाराचं मानधन, ऑर्गनचा भाता दाबणाऱ्या पोराचे पैसे. मग कर्ज. बँकेचं थोडं, बाकी सभासदांकडूनच व्याजानं घेतलेलं. विधवा बायका चार पैसे चॅपेलकडे ठेवायच्या, पोस्टात ठेवावेत तसे.

1926 चा अहवाल हातात आला तेव्हा जरा गप्प झालो. मे महिन्यात मालकांनी टाळेबंदी केली. कमी पगार, जास्त तास, नाही तर घरी बसा. देशभराचा सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मिटला, खाणकामगार मात्र जवळजवळ डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. पुस्तिकेत एप्रिलपर्यंत आकडे आहेत. मेपासून पानच्या पान आडव्या रेघा. रेघ, रेघ, रेघ. क्वचित एखाद्या दुकानदाराच्या किंवा मास्तरांच्या नावापुढे रक्कम. नाव मात्र कुणाचंही गाळलेलं नाही. जमाखर्चात कोळशाची बाजू शून्य आणि वेस्ट्रीच्या खात्यात बटाटे, वाटाणे, कांदे. या खोलीत त्या वर्षी अन्नछत्र चाललं.

निळ्या रेघेचे कप तेव्हाही असतील का, ते ठरवता येत नाहीये. बशीमागचा शिक्का पुसट आहे.

तांत्रिक नोंद: संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभराचं स्कॅनिंग मी इंचाला 150 ठिपक्यांवर केलं. 300 हवं होतं. सगळं पुन्हा. घरी सांगितलं नाही.

24 फेब्रुवारी

पुन्हा स्कॅन झालं. आता मजेची गोष्ट.

वेस्ट्रीच्या भिंतीवर गुंडाळलेला कापडी तक्ता. उलगडला तर उभ्या ओळीत अक्षरं: डो, रे, मी, फा, सो, ला, टी. शेजारी वरच्या आणि खालच्या पट्टीच्या शिड्या. टॉनिक सोल-फा, म्हणजे अक्षरांनी गाणं लिहायची-वाचायची पद्धत. इंग्लंडात जॉन कर्वेननं ही पद्धत पसरवली, पण ती खऱ्या अर्थानं पिकली ती या खोऱ्यांत. पाच रेघांची नोटेशन वाचायला शिक्षण लागतं आणि छापायला पैसा. इथं नुसती अक्षरं, मात्रा दाखवायला दोन-दोन टिंबं. दिवसभर खाणीत असलेला माणूस संध्याकाळी वेस्ट्रीत बसून शिकायचा आणि वर्षभरात हांडेलच्या ओरेटोरिओतला, म्हणजे मोठ्या धार्मिक समूहगानातला, आपला भाग म्हणायचा.

ऑर्गनवाले मला समजावू लागले की डो कायम एकाच जागी नसतो, गाण्याची पट्टी बदलली की तोही सरकतो, हे परक्यांना समजत नाही. मी म्हटलं, काका, आमचा सा तसाच असतो. ते दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिले. मग मी सरगम म्हटली, त्यांनी तक्त्यावर काठी फिरवली, बेसूर झालं ते माझ्यामुळे. चौथी ते सहावी हार्मोनियमच्या क्लासला आईनं घातलं होतं, त्याचा उपयोग एवढाच झाला.

चार आवाजांत एकत्र भजनं गाण्याच्या मेळ्याला ‘गमान्वा गानी’ म्हणतात. गानी! वेल्शमध्ये गाण्याला ‘कानी’, आणि आधीच्या शब्दामुळे क-चा ग होतो. योगायोगच, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं. याची सुरुवात 1859 मध्ये शेजारच्या अबरडेअरला झाली असं मानतात. तिथलाच कॅराडॉग, मूळचा लोहार, त्यानं शेकडो गायकांचा दक्षिण वेल्सचा मेळ लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या गायनस्पर्धेला नेला आणि 1872 आणि 1873 अशी लागोपाठ दोनदा बाजी मारली. त्याचा पुतळा अबरडेअरच्या चौकात आहे, हातात छडी. इथले चौक कोळशाच्या पैशावर उभे राहिले आणि त्यातल्या एकात पुतळा बसला तो मेळ बसवणाऱ्याचा, हे मला आवडतं.

तक्ता लिनन टेपनं बांधून ठेवला.

1 मार्च, शुक्रवार

सेंट डेव्हिडचा दिवस. काम नाही. सेक्रेटरीबाईंकडे ‘काउल’, म्हणजे मटण, बटाटे आणि लीकच्या पातीचं सरसरीत कालवण. मी मिरपूड मागितली. त्यांनी तीन वेळा दिली.

9 मार्च

बुटाच्या खोक्याच्या तळाला सभासदसंख्येचं रजिस्टर. 1904 च्या शेवटी संख्या एकदम उसळते. कारण इथं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या नोव्हेंबरात लाउखर गावच्या मोराया चॅपेलमध्ये एव्हन रॉबर्ट्स हा 26 वर्षांचा माजी खाणकामगार उभा राहिला आणि पाहतापाहता वेल्सभर ‘जागृती’ पसरली. रात्ररात्र प्रार्थना, रडणं, गाणं, प्रवचनाला फाटा. एक लाख लोक बदलले असं तेव्हाचे लोक सांगत. आजही सांगितला जाणारा किस्सा: खाणीतल्या घोड्यांना हुकूमच कळेनात, कारण हाकणाऱ्यांनी शिव्या सोडल्या होत्या.

फोटोवाला हसला. मी हसता हसता थांबले, कारण ही गोष्ट मला दुसऱ्या टोकाकडून माहीत होती.

माझं माहेर केडगाव, पुणे–दौंड लायनीवरचं. स्टेशनवरून पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन जवळ. लहानपणी मुक्तीची घंटा ही आमची वेळ सांगायची खूण. वेल्समधली बातमी रमाबाईंपर्यंत पोचली आणि 1905 च्या जानेवारीत त्यांनी मुक्तीत रोज प्रार्थनेला बसणारा गट केला. त्या जूनमध्ये तिथल्या मुलींमध्ये तेच सुरू झालं: रात्ररात्र प्रार्थना, रडणं, गाणं. मधल्या काळात आसामकडच्या खासी टेकड्यांतही पेटलं होतं. तिथे 1841 पासून वेल्श मिशनरीच होते. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, बालविधवा, आमच्या गावच्या माळावर. आणि हे इथले, कोळशानं डोळ्यांच्या कडा काळ्या झालेले. एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.

मला श्रद्धेतलं कळत नाही, घरी वारकरी वातावरण. पण ज्यांना बोलायला कुणी उभं करत नव्हतं ती माणसं दोन्हीकडे एकाच वर्षात उठून बोलू लागली, एवढं मला दिसतं. इथं तर सभेत तरुण मुली आघाडीवर होत्या.

सेक्रेटरीबाईंना मुक्तीचं सांगितलं. त्यांनी केडगाव कसं लिहितात ते विचारून रजिस्टरच्या यादीत माझ्या टिपेखाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं. पुढची काही वर्षं रजिस्टर बघितलं तर आकडा हळूहळू पुन्हा उतरतो. ऑर्गन मात्र त्याच भरात घेतलेला, त्याचे हप्ते राहतात.

16 मार्च

अबरवानला गेले, एकटीच. खोरं टॅफचं, आमच्या कामात थेट येत नाही. 21 ऑक्टोबर 1966 च्या सकाळी खाणीच्या राडारोड्याचा सात नंबरचा डोंगर, झऱ्यावर रचलेला, घसरून पँटग्लास शाळेवर आला. 116 मुलं, 28 मोठी माणसं. बेथानिया चॅपेलमध्ये मृतदेह ठेवले. बाहेर पावसात आईबापांची रांग, आत बाकांवर ब्लँकेटं. ती इमारत पुढे पाडली आणि दुसरी बांधली. त्या बाकांवर बसून पुन्हा भजन कोण म्हणणार होतं?

फोटो काढले नाहीत.

24 मार्च, पाम संडे

इथं याला फुलांचा रविवार म्हणतात. लोक थडगी घासूनपुसून त्यावर फुलं ठेवतात. डोंगराच्या उतारावरची आमच्या चॅपेलवाल्यांची दफनभूमी ओलसर डॅफोडिलनं पिवळी झाली होती. बादली, ब्रश, गुडघ्याखाली प्लॅस्टिकची पिशवी. सर्वपित्रीला आपण पान मांडतो, तेवढं मनापासून चालतं सगळं.

दुपारी ऑर्गनवाल्यांनी पोर्थजवळच्या कम्मेरला नेलं. ऱ्हॉन्दातलं सगळ्यांत जुनं चॅपेल तिथलं, 1743 चं, म्हणजे कोळशाच्या कितीतरी आधीचं. 15 जुलै 1856 ला कम्मेरच्या खाणीत वायूचा स्फोट होऊन 114 पुरुष आणि मुलं गेली, त्यातले बरेच त्याच चॅपेलच्या आवारात पुरले. मुलं म्हणजे दहा-बारा वर्षांची. खाणीत वायू साचतो हे कामगार आधीच सांगत होते.

परतताना ते गाडीत काही बोलले नाहीत. घराजवळ म्हणाले, माझे वडील मार्डीला होते. ऱ्हॉन्दातली ती शेवटची खाण, डिसेंबर 1990 मध्ये बंद झाली. “चॅपेल बंद झालं तेव्हा लोक म्हणाले, धर्म संपला. पण आधी काम गेलं, मग पोरं गेली, मग भाषा. चॅपेल सगळ्यांत शेवटी गेलं.” क्रमाबद्दल सेक्रेटरीबाईंचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते भाषा आधी गेली, घरातल्या घरात, आणि कुणी तिची वर्गणी मागायला आलं नाही.

13 एप्रिल

गिऱ्हाईक पक्कं. फ्लॅट होणार, सहा. सज्जा जाणार, दर्शनी भिंत राहणार. सोर नावाच्या मर्थरच्या चॅपेलचं नाट्यगृह झालं, तसं काही इथं होईल अशी आशा होती, पण तिथे गाव मोठं आणि पैसा उभा करणारी माणसंही होती.

अहवाल, रजिस्टर, नकाशे अभिलेखागाराकडे, चार पेट्या. सोल-फाचा तक्ता ऑर्गनवाल्यांच्या मेळाला, त्यांची तालीम दर मंगळवारी असते. कपांचा प्रश्न सुटत नव्हता. संग्रहालयाला एक जोडी पुरते. शेवटी सेक्रेटरीबाईंनी जुन्या अहवालातल्या गल्ल्या काढल्या आणि त्या घरांची दारं ठोठावली. जे अजून त्यांच्यातले आहेत त्यांना एकेक कपबशी, सहीनिशी. 61 गेल्या. मलाही एक दिली. मी गल्लीत नाही, वर्गणी दिलेली नाही, असं म्हटलं तर म्हणाल्या, फळी तोडलीस ना, ती तुझ्या नावावर आहे.

उरलेले 124 कप वर्तमानपत्रात गुंडाळून झाले. हिरव्या रेघेचा एक बाहेरच आहे. कार्पेटच्या दुकानदाराला नेऊन द्यायचा, असं ठरलंय. सोमवारी दुकान नऊला उघडतं.